सोलरच्या कामाला मीटर कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

सौर कृषी पंप आणि छतावरची सोलर, दोन्हींची कामं गावोगाव निघाल्यापासून मीटरविषयीची पत्रं वाढली आहेत. त्यातली सहा निवडून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : वीस वर्षांपासून घरगुती वायरिंग आणि मोटारीची कामं करतो. आता सोलरची कामं मिळू लागली. माझ्याजवळ पिवळा डिजिटल मीटर आणि टंग टेस्टर आहे. तेवढ्यावर भागेल का? नवा घ्यायचा झाला तर काय पाहून घ्यावा?
– वायरमन, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : टंग टेस्टर, म्हणजे वायर जबड्यात धरून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर, इन्व्हर्टरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे एसीवर, चालेल. पॅनलच्या बाजूला, जिथे वीज डीसी म्हणजे एकाच दिशेची असते, त्याचा उपयोग नाही. साधा टंग टेस्टर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो, त्याला बदलता प्रवाह लागतो. डीसी केबल जबड्यात धरली की तो शून्य दाखवतो, आणि त्या शून्यावर भरवसा ठेवून कोणी एमसी-४ (पॅनलच्या केबली जोडणारा) कनेक्टर उपटला की हातात जाळ येतो. डीसी मोजणाऱ्या क्लॅम्पमध्ये हॉल सेन्सर (चुंबकत्वावरून करंट ओळखणारा) असतो. डायलवर ‘ए’च्या जोडीला सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ, हे डीसीचं चिन्ह आहे का ते पाहा. खोक्यावर नुसतं ‘४०० अँपिअर’ लिहिलेले बरेच क्लॅम्प फक्त एसीचे निघतात. व्होल्ट मात्र त्यांच्यावर एसी-डीसी दोन्ही मोजता येतात, आणि घोळ तिथेच होतो.

आता व्होल्टेजचा हिशेब. ५ एचपीच्या पंपाला ५४० वॉटची ९ पॅनल एका ओळीत जोडली असं धरू (अशा ओळीला स्ट्रिंग म्हणतात). या जातीच्या पॅनलवर उघडं व्होल्टेज (काहीही न जोडता मोजलेलं) ४९.५ च्या आसपास लिहिलेलं असतं. नऊ गुणिले ४९.५ म्हणजे ४४५ व्होल्ट. पॅनल थंड असलं की हा आकडा चढतो. पॅनलमधल्या सौर पेशीचं तापमान १० अंश असेल तर साधारण चार टक्के, म्हणजे ४६३. एवढ्याच पंपापुरतं काम करणाऱ्याला ६०० व्होल्टचा मीटर पुरतो. पण उद्या एखाद्या जिनिंगवर किंवा शाळेवर थ्री फेज १० किलोवॉटचं काम आलं आणि २० पॅनलची एकच स्ट्रिंग असली, तर लेबलाप्रमाणेच ९९० व्होल्ट होतात आणि जानेवारीतल्या थंड, निरभ्र सकाळी १०३० च्या घरात जातात. तिथे १००० व्होल्टचाही मीटर अपुरा पडतो, १५०० व्होल्ट डीसीचाच लागतो. म्हणून हातात येऊ शकेल अशी सर्वांत मोठी स्ट्रिंग, ती थंड असतानाची, धरून मीटर ठरवायचा.

डायलवर १००० लिहिलं आहे यावर जाऊ नका. लीड (मीटरच्या वायरी) खुपसतो त्या भोकांशेजारी ‘कॅट थ्री १००० व्होल्ट, कॅट फोर ६०० व्होल्ट’ अशी अक्षरं छापलेली हवीत. व्होल्टेजचा झटका आला तर मीटर तो किती सोसेल, हे त्यातून कळतं. कॅट थ्री म्हणजे इमारतीतला वितरण बोर्ड आणि कायम बसवलेली जोडणी. कॅट फोर म्हणजे वीज कंपनीची सर्व्हिस वायर, मीटर आणि कटआउट. छतावरच्या सोलरचं एसी टोक कटआउटच्या जवळच जातं, म्हणून दोन्ही खुणा असलेला घ्यावा. लीडवरही हीच अक्षरं असतात. मीटर चांगला आणि लीड बाजारातली तीस रुपयांची, असं असेल तर सगळी जोडी तीस रुपयांचीच समजा.

तुमच्या पिवळ्या मीटरचं १० अँपिअरचं भोक एकदा भिंग लावून वाचा. दोन-अडीचशेच्या मीटरांवर तिथे ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असं लिहिलेलं असतं. चूक कशी होते ते पाहा. कोणी आधी करंट मोजला आणि लाल लीड त्याच भोकात राहिली. मग डायल व्होल्टवर फिरवून प्रोब स्ट्रिंगच्या दोन टोकांना लावले. मीटर आता सरळ शॉर्ट झाला. एसीला इथे धडाका झाला असता. स्ट्रिंग मात्र शॉर्ट होऊनही चौदा-एक अँपिअरच देते, म्हणून आवाज होत नाही. पडद्यावर शून्य दिसतं, लीड गरम होत जाते, माणसाला वाटतं व्होल्टेज नाही आणि तो प्रोब उचलतो. त्याच क्षणी ४०० व्होल्टचा डीसी आर्क ताणला जातो. एसीचा आर्क सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन विझायची संधी देतो, डीसीचा तसा विझत नाही. काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज असला तरी तो जळून आतल्या आत आर्क चालू राहू शकतो. म्हणून फ्यूज वाळू भरलेला, सिरॅमिकचा आणि मीटरच्याच व्होल्टेजचा हवा. बदलतानाही तोच टाका, तार गुंडाळून काम भागवू नका.

शिवाय १० अँपिअरच्या भोकातून ५४० वॉटच्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट मोजायचाच नसतो. तो १३.८ च्या आसपास असतो.

म्हणून पहिली खरेदी : एसी/डीसी क्लॅम्प मीटर, ट्रू आरएमएस (वेडीवाकडी लहरही खरी मोजणारा), डीसी व्होल्टेज १००० पर्यंत (वर सांगितलेली २० पॅनलची स्ट्रिंग हातात येणार असेल तर १५००), कॅट थ्री १००० व्होल्ट आणि कॅट फोर ६०० व्होल्ट, करंट ०.१ अँपिअरच्या बारकाईने वाचणारा. ०.०१ वाचणारा मिळाला तर उत्तम, दोन स्ट्रिंगमधला बारीक फरक त्यात कळतो. ‘झिरो’चं बटण असलंच पाहिजे. हॉल सेन्सरवर पृथ्वीच्या आणि जवळच्या लोखंडाच्या चुंबकत्वाचा परिणाम होतो, त्यामुळे रिकामा जबडाही ०.३-०.४ अँपिअर दाखवतो. केबलजवळ नेऊन, ज्या दिशेने धरणार त्याच दिशेने धरून शून्य करा आणि मगच जबड्यात एकच केबल घ्या. प्लस आणि मायनस दोन्ही घेतल्या तर उत्तर शून्यच येणार.

कंपनी कोणती, हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ, नवी मुंबईची मेको, जपानच्या हिओकी आणि क्योरित्सू, अमेरिकेची फ्लूक ही जुनी नावं आहेत. पण नाव पाहून घेण्यापेक्षा मॉडेल वाचून घ्या, कारण एकच कंपनी एसीपुरता साधा क्लॅम्पही बनवते आणि सोलरचाही. महागड्या नावांची नक्कल बाजारात फिरते. पक्कं बिल आणि सीरियल नंबर जुळत नसेल तर अर्ध्या किमतीतही सोडून द्या.

प्रश्न : स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर लावून पॅनलच्या वायरीत करंट आहे की नाही कळतं का?
– आयटीआयची विद्यार्थिनी, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : नाही, आणि लावूही नका. पॅनलचं कोणतंही टोक सहसा जमिनीशी जोडलेलं नसतं, त्यामुळे टेस्टर पेटत नाही. पण दोन टोकं दोन हातांत आली तर ४४५ व्होल्ट अंगातून जातात.

प्रश्न : भाऊ, पॅनलच्या मागं ४९.५ व्होल्ट लिवेल हाय. भर दुपारी मोजलं त ४३ दाखवते. कंपनीवाला म्हंते मीटर खराब हाय, मीटरवाला म्हंते पॅनल खराब हाय. मले सांगा, खरं कोनाचं?
– संत्रा बागाईतदार, वरूड (जि. अमरावती)

उत्तर : दोघांचंही नाही. लेबलवरचा आकडा पेशी २५ अंशांवर असतानाचा, प्रयोगशाळेतला असतो. मे महिन्यात हवा ४४-४५ अंश असली की काळ्या पॅनलच्या पेशी ७० च्या घरात जातात. या जातीच्या पॅनलचं व्होल्टेज दर अंशाला ०.२७ टक्के उतरतं. ४५ अंश जास्त, म्हणजे १२ टक्के कमी, म्हणजे ४३.५. तुमचं पॅनल हिशेबात चोख आहे. (तुमच्या लेबलवर हा टक्का थोडा वेगळा असू शकतो. ‘टेम्परेचर कोइफिशंट’च्या ओळीत तो लिहिलेला असतो.)

खराब पॅनल असं दिसत नाही. ५४० वॉटच्या पॅनलमध्ये तीन बायपास डायोड असतात, पॅनलच्या एकेका तृतीयांश भागाला वळसा देणारे. एक शॉर्ट झाला की एक तृतीयांश व्होल्टेज जातं, तापलेल्या पॅनलवर ४३ ऐवजी २९ च्या आसपास दिसतं. एकसारखे आकडे देणाऱ्या ओळीत एकच पॅनल चौदा-पंधरा व्होल्टनं मागे पडलं तर तो डायोड समजा. सगळीच सारखी कमी असतील तर ऊन समजा.

मीटरचाही थोडा हात असू शकतो. त्याच्या पुस्तिकेत लिहिलेली अचूकता बहुधा १८ ते २८ अंशांमधली असते. त्यापुढे दर अंशाला तिच्या एक दशांशाइतकी चूक वाढते, असं बहुतेक पुस्तिकांत दिलेलं असतं. अर्ध्या टक्क्याचा मीटर ४५ अंशांवर सव्वा-दीड टक्क्यावर जातो, ४०० व्होल्टवर पाच-सहा व्होल्टांचा फरक. शिवाय बऱ्याच मीटरांची काम करण्याची मर्यादाच ५० अंश असते. तापलेल्या पॅनलवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला मीटर ती केव्हाच ओलांडतो आणि पडदा काळा पडतो. दुपट्ट्याखाली किंवा पॅनलच्या सावलीत ठेवा.

आणखी एक. बॅटरी उतरली की स्वस्त मीटर कमी नव्हे, जास्त व्होल्टेज दाखवतो, कारण ज्या आतल्या व्होल्टेजशी तो तुलना करतो तेच खाली आलेलं असतं. १.५ व्होल्टचा नवा सेल १.९ दिसला तर आधी मीटरची बॅटरी बदला. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीपेक्षा पेन्सिल सेलवर चालणारा मीटर खेड्यात सोयीचा, ते सेल कोणत्याही किराण्यात मिळतात.

प्रश्न : सोलर पंपाच्या कंट्रोलरच्या डिस्प्लेवर मोटरचं व्होल्टेज १८० दिसतं. माझा ट्रू आरएमएस मीटर मोटरच्या वायरींवर २३० च्या आसपास नाचतो. कोणावर विश्वास ठेवू?
– पंप दुरुस्ती करणारे, मूर्तिजापूर (जि. अकोला)

उत्तर : डिस्प्लेवर. कंट्रोलर मोटरला गुळगुळीत वीज देत नाही, डीसीचे हजारो तुकडे करून देतो. मोटरला त्या तुकड्यांची सरासरी लहर जाणवते, ट्रू आरएमएस मीटर मात्र प्रत्येक तुकडा मोजून मोठा आकडा दाखवतो. मोटरला उपयोगी पडणारं व्होल्टेज मोजायला लो-पास फिल्टर (हे बारीक तुकडे गाळून टाकणारा) असलेला मीटर लागतो. डायलवर किंवा बटणावर ‘व्हीएफडी’ लिहिलेलं असतं. पंपाची कामं जास्त असतील तर घेताना ही सोय मागून घ्या. नसेल तर व्होल्टेजच्या मागे न लागता क्लॅम्पनं तीनही वायरींचा करंट पाहा. तिन्ही जवळपास सारखे हवेत. एक शून्य आणि दोन वाढलेले असतील तर एक वायर तुटली आहे किंवा बोअरमधला केबलचा जोड गेला आहे.

प्रश्न : पावसाळ्यात सकाळी कंट्रोलर अर्थ फॉल्ट दाखवतो, दुपारी सुरू होतो. नऊ पॅनल आहेत. प्रत्येक कनेक्टर उघडून पाहण्यापेक्षा मीटरनं जागा सापडते का?
– सोलर फिटर, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : अर्थ फॉल्ट म्हणजे पॅनलची वीज कुठेतरी जमिनीकडे गळते आहे. ती जागा सापडते, आणि साध्या मल्टीमीटरनं सापडते. फक्त सकाळी, ओल असतानाच मोजा.

आधी कंट्रोलर बंद करा, डीसी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) पाडा. क्लॅम्प लावून करंट खरंच शून्य झाला का पाहा. मग स्ट्रिंगची दोन्ही टोकं कंट्रोलरपासून आणि सर्ज प्रोटेक्टरपासून (व्होल्टेजचा झटका जमिनीत सोडणारं साधन) सोडवा. पायात कोरडे बूट, हातात रबरी मोजे, सोबत दुसरा माणूस. ओल्या काळ्या मातीत उभं राहून हे काम करायचं नाही, फळी घ्या.

तीन आकडे लिहा : प्लस ते मायनस, प्लस ते अर्थ, मायनस ते अर्थ. समजा पहिला ४२३ आला, म्हणजे प्रत्येक पॅनल ४७. स्ट्रिंग निरोगी असेल तर अर्थकडचे दोन्ही आकडे थोडे दिसून उतरत जवळपास शून्यावर येतात. फॉल्ट असेल तर टिकून राहतात. प्लस ते अर्थ १४१ आणि मायनस ते अर्थ २८२ टिकले, तर १४१ भागिले ४७ बरोबर ३. प्लसच्या टोकापासून तिसरं पॅनल संपतं आणि चौथं सुरू होतं तिथला जोड किंवा तिथली केबल जमिनीला लागली आहे. तिथे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट दिसते : केबल फ्रेमच्या धारेवर घासलेली, उंदरानं कुरतडलेली, किंवा दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ एकमेकांत बसवल्यामुळे पाणी शिरलेलं. प्लस ते अर्थ शून्य आणि मायनस ते अर्थ पूर्ण ४२३ आले, तर पॅनलना हात लावू नका. कंट्रोलरकडे येणारी प्लसची लांब केबल तपासा, पाइपात शिरते तिथून.

ओल हलकी असेल तर बेरीज भरत नाही. १४१ आणि २८२ ऐवजी ९४ आणि १८८ येतील. घाबरू नका, प्रमाण बघा. ९४ भागिले दोघांची बेरीज २८२, म्हणजे एक तृतीयांश, नऊपैकी तीन पॅनल. जागा तीच. मात्र मीटरवर ‘लो-झी’ (मीटरचा आतला रोध कमी करणारी) सोय असेल तर ती बंद ठेवा. तिच्यामुळे मीटरच इतकं ओढतो की हलका फॉल्ट दिसतच नाही.

दुरुस्तीनंतर मेगर करा, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन केबलचं इन्सुलेशन तपासा. आयईसी ६२४४६ या आंतरराष्ट्रीय मानकात स्ट्रिंगच्या उघड्या व्होल्टेजला १.२५ ने गुणून मेगरचं व्होल्टेज ठरवतात. गुणाकार १२० ते ५०० मध्ये असेल तर ५०० व्होल्ट, ५०० च्या पुढे १००० पर्यंत १००० व्होल्ट. तुमचे ४४५ गुणिले १.२५ म्हणजे ५५६, म्हणून मेगर १००० व्होल्टवर. छतावरच्या ६ पॅनलच्या स्ट्रिंगला (२९७ व्होल्ट) ५०० पुरतं. दोन्हीकडे किमान १ मेगओहम हवा. साधा मेगर चालू पॅनलवर चुकीचं दाखवतो किंवा बिघडतो, म्हणून दिवस मावळल्यावर करा : मायनस ते अर्थ, मग प्लस ते अर्थ. प्लस आणि मायनसच्या मध्ये मेगर कधीही लावू नका. सर्ज प्रोटेक्टर जोडलेला राहिला तर तोच वाट देतो, मग चांगल्या केबलवरही आकडा शून्याजवळ येतो आणि नवी केबल फुकट बदलली जाते.

प्रश्न : आमचा महिला बचत गट सोलरची देखभाल घेणार आहे. अर्थिंग मोजायला जमिनीत खुंट्या न ठोकता क्लॅम्पचा अर्थ टेस्टर घ्यावा असं दुकानदार सांगतो. आणि मीटर दरवर्षी कॅलिब्रेट करणं गरजेचं आहे का?
– कारंजा (जि. वाशीम)

उत्तर : ताई, क्लॅम्पचा अर्थ टेस्टर वाईट नाही, पण तुमच्या कामाचा नाही. तो वर्तुळ पूर्ण असेल तरच मोजतो : एका खड्ड्यातून जमिनीत आणि दुसऱ्या खड्ड्यातून परत. शेतातल्या पंपाला एकटाच अर्थ असेल तर तो आकडाच देत नाही किंवा भलताच देतो. दोन खड्डे वरून पट्टीनं जोडलेले असतील तर कधी नुसत्या पट्टीचंच वर्तुळ मोजून ०.२ ओहम दाखवतो आणि माणूस खूश होऊन घरी जातो. तीन खुंट्यांचाच टेस्टर घ्या.

पद्धत अशी. अर्थची पट्टी सिस्टिमपासून सोडा (सिस्टिम बंद करूनच). तीन मीटर खोल इलेक्ट्रोडसाठी लांबची खुंटी ३० मीटरवर ठोका, मधली १८.५ मीटरवर, म्हणजे ६२ टक्क्यांवर, एकाच सरळ रेषेत. आकडा लिहा. मग मधली खुंटी ३ मीटर अलीकडे आणि ३ मीटर पलीकडे नेऊन पुन्हा मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तर मोजमाप खरं. खूप फरक पडला तर लांबची खुंटी आणखी दूर न्या. माती कोरडी असेल तर खुंट्यांच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओता. सोलरच्या कामांत साधारण ५ ओहमच्या आत मागतात, तुमच्या करारातला आकडा वाचून घ्या.

आपल्याकडची काळी माती ओली असताना उत्तम अर्थ देते. वैशाखात तीच भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमधला २ ओहम मे महिन्यात टिकेलच असं नाही. म्हणून वर्षातून एकच मोजणी परवडत असेल तर ती मे महिन्यात, पहिल्या विजांच्या आधी करा.

कॅलिब्रेशन (मीटर प्रमाणित मीटरशी ताडून पाहणं) : कंत्राटात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा लिहिली असेल तर दरवर्षी तिथूनच करा. प्रमाणपत्रावर प्रत्यक्ष आकडे, अनिश्चितता आणि तारीख हवी. खोक्यातली ‘फॅक्टरी टेस्टेड’ची चिठ्ठी म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. अधल्यामधल्या महिन्यांत स्वतः पडताळा घेता येतो. नवा पेन्सिल सेल १.५५ ते १.६ दाखवतो का ते पाहा. लीडची टोकं ओहमवर एकमेकांना लावली की ०.५ च्या आत यायला हवं, हलवल्यावर आकडा उडाला तर लीड आतून तुटली आहे. क्लॅम्प तपासायला १२ व्होल्टच्या बॅटरीवर ५५ वॉटचा हेडलाइटचा बल्ब लावा, साडेचार-पाच अँपिअर घेतो. मल्टीमीटर त्याच्या १० अँपिअरच्या भोकातून सिरीजमध्ये जोडा आणि त्याच वायरीचे पाच वेढे क्लॅम्पच्या जबड्यातून घ्या. मल्टीमीटरवर ४.६ असेल तर क्लॅम्पवर २३ दिसायला हवे. २३ च्या जागी २१ दिसले तर क्लॅम्प दुरुस्तीला पाठवा. हे सगळे आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा, आणि लाल लीड व्होल्टच्या भोकात परत गेली का ते पाहूनच मीटर पिशवीत टाका.